देह हेच साधन : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

देवालयाच्या सभामंडपात पाऊल टाकताच भाविक हात जोडतो, गुडघे टेकतो आणि भुईवर देह झोकून देऊन साष्टांग प्रणिपात करतो. शेकडो वर्षे हे असेच चालत आले आहे. या क्रियेस ना खर्च लागतो, ना साहित्य. राजाने घातला काय आणि रंकाने घातला काय, नमस्कार एकच. भक्तीची ही नित्याची खूण हेच शरीरसंपदेचे सर्वांत सोपे साधन होऊ शकते, हे ज्यांनी ओळखले आणि उभे आयुष्य त्याच्या प्रसारासाठी वेचले, ते पुरुष म्हणजे औंध संस्थानचे अधिपती कै. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी होत. आज घराघरांतून, शाळांतून आणि सातासमुद्रापलीकडील नगरांतूनही सूर्यनमस्कार घातले जातात. परंतु त्यांना व्यायामाचे शास्त्रशुद्ध आणि सार्वजनिक रूप देण्यात या राजपुरुषाचा केवढा वाटा होता, याची जाणीव नव्या पिढीत फारशी राहिलेली नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचे हे स्मरण.

बाळासाहेबांचा जन्म दिनांक २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. छत्रपती राजाराम महाराजांच्या बिकट काळात पराक्रम गाजवून त्यांनी प्रतिनिधिपदाचा मान मिळविला आणि पुढे तो वंशपरंपरेने या घराण्यात चालला. औंध हे सातारा जिल्ह्यातील लहानसे गाव. गावाशेजारच्या टेकडीवर श्री यमाईदेवीचे मूळ स्थान आहे. ही देवी पंतप्रतिनिधींची कुलस्वामिनी. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. अवघ्या ७२ गावांचे हे राज्य औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडील गुणदाळ अशा चार तुकड्यांत विखुरलेले होते. मोठ्या संस्थानिकांच्या वैभवापुढे औंधचे ऐश्वर्य अगदीच बेताचे, पण कीर्ती मात्र विस्तारापेक्षा पुष्कळ मोठी झाली. त्या कीर्तीचे बहुतेक श्रेय बाळासाहेबांकडे जाते.

राजपुत्रांस त्या काळी शिकारीचा आणि विलासाचा नाद असे. बाळासाहेबांचा ओढा मात्र विद्येकडे व कलेकडे होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. कुंचला त्यांच्या हातात लहानपणापासूनच खेळत होता. रामायणातील प्रसंग स्वहस्ते रंगवून त्यांनी ‘चित्ररामायण’ सिद्ध केले, अजिंठ्याच्या लेण्यांवर ग्रंथ लिहिला, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतले तेव्हा तिच्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. देवापुढे कीर्तनास उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. राजवस्त्रे बाजूस ठेवून हातात चिपळ्या घेणारा हा संस्थानिक जनतेच्या कौतुकाचा विषय होता. इ. स. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाशी त्यांचे नाते असे साहित्याच्या द्वारेही जडलेले होते.

या रसिक पुरुषाला व्यायामाची गोडी लागली, ती मात्र प्रथम पाश्चात्य पद्धतीच्या व्यायामामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या मल्लाचे नाव जगभर गाजत होते. त्याच्या पीळदार शरीराची छायाचित्रे घरोघरी पोहोचली होती. त्याची पुस्तके, स्प्रिंगांचे डंबेल्स आणि रबरी दोऱ्यांची यंत्रे यांचा मोठा व्यापार चालू होता. हिंदुस्थानातील सुशिक्षित तरुणांवरही त्याची मोहिनी पडली. इ. स. १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः या देशाचा दौरा करून गेला. बाळासाहेबांनी मात्र त्यापूर्वीच, इ. स. १८९७ मध्ये, सँडोची सर्व उपकरणे आणि पुस्तके मागवून घेतली होती. पुढे सुमारे दहा वर्षे त्यांनी त्या पद्धतीचा अभ्यास निष्ठेने केला. एखादी गोष्ट हाती घेतली की तिच्या तळाशी गेल्याशिवाय थांबावयाचे नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

उपकरणांच्या व्यायामात दोष असा नव्हता. परंतु त्याच्या मर्यादा होत्या. पहिली खर्चाची. संस्थानिकास जे परवडते ते शेतकऱ्यास वा कारकुनास परवडत नाही. दुसरी स्थळाची. मनुष्य प्रवासास निघाला की यंत्रे घरी राहतात आणि व्यायाम खंडित होतो. खंड एकदा पडला की सवय मोडते, आणि मोडलेली सवय जोडणे नव्याने आरंभ करण्याहूनही कठीण. तिसरी मर्यादा अशी की, दंड, छाती व खांदे यांचे स्नायू फुगविण्यावर अशा व्यायामाचा भर असतो. पाठीच्या कण्याची लवचीकता, पोटातील इंद्रियांचे चलनवलन आणि श्वासोच्छ्वासाची शिस्त यांकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. आपल्याकडील तालमीतही जोडी, करेल, मल्लखांब, हौदा यांची सोय असावी लागे आणि वस्ताद लागे. तालीम गावात असली तरी तिथवर जाण्याची सवड आणि मोकळीक सर्वांस नव्हती. स्त्रियांस तर ती नव्हतीच.

अशा वेळी मिरज थोरल्या पातीचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्याकडून त्यांना सूर्यनमस्काराची प्रेरणा मिळाली. मिरजकर स्वतः नियमाने नमस्कार घालीत. त्यांचा उपदेश मानून औंधकरांनी इ. स. १९०८ च्या सुमारास नमस्कारांस प्रारंभ केला. त्यांचे वय तेव्हा चाळिशीला आले होते. साधारणतः या वयात मनुष्य व्यायाम सोडून देतो. बाळासाहेबांनी या वयात जुना व्यायाम टाकून नवा धरला आणि तो शेवटपर्यंत टिकविला. पुढल्याच वर्षी, म्हणजे इ. स. १९०९ मध्ये, ते संस्थानच्या गादीवर आले. राज्यकारभार आणि नमस्कार ही दोन्ही व्रते जवळजवळ एकाच वेळी त्यांच्या अंगावर पडली, आणि दोहोंचेही पालन त्यांनी सारख्याच निष्ठेने केले.

नमस्कार ही बाळासाहेबांची नवनिर्मिती नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सूर्योपासनेचे अंग म्हणून मंत्रांसह नमस्कार घालण्याचा आचार महाराष्ट्रातील कुटुंबांत पूर्वीपासून होता. समर्थ रामदासस्वामी प्रतिदिनी बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. तालमीतील जोर आणि नमस्कार यांचेही सख्य उघड आहे. दोहोंत देहाचा भार हातापायांवर तोलावयाचा असतो. परंतु उपासक नमस्कार घाली तो पुण्यासाठी, आणि पहिलवान जोर काढी तो कुस्तीसाठी. बाळासाहेबांनी या दोन प्रवाहांचा संगम केला. प्रत्येक स्थितीचे स्वरूप निश्चित केले, श्वासाचा क्रम लावून दिला, वयाप्रमाणे संख्या ठरविली, आणि घरात राहणाऱ्या सामान्य माणसाने गुरूशिवायही शिकावे अशा रीतीने छायाचित्रांसह त्याचे पुस्तक तयार केले. मराठीत त्यांनी या विषयावर लेखन केलेच, शिवाय इ. स. १९२८ मध्ये इंग्रजीतही पुस्तक प्रसिद्ध केले.

औंध पद्धतीच्या नमस्कारात दहा स्थिती आहेत. प्रथम पाय जुळवून ताठ उभे राहावे, हात छातीपाशी जोडावेत. दुसऱ्या स्थितीत कमरेतून वाकून, गुडघे न वाकविता, तळहात पावलांशेजारी भुईवर टेकावेत आणि कपाळ गुडघ्यांकडे न्यावे. तिसऱ्या स्थितीत एक पाय मागे नेऊन गुडघा टेकावा, मान वर उचलावी. चौथीत दुसराही पाय मागे न्यावा व टाचांपासून मस्तकापर्यंत देह एका रेषेत धरावा. पाचवी स्थिती म्हणजे प्रत्यक्ष साष्टांग. कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन पायांचे चवडे भुईस लागतात, पोट मात्र आत ओढून वर धरावयाचे असते. सहावीत हात सरळ करून छाती पुढे काढावी आणि मान मागे न्यावी. सातवीत कंबर वर उचलून टाचा भुईस लावण्याचा यत्न करावा, म्हणजे देहाची कमान होते. आठवी तिसरीसारखी, नववी दुसरीसारखी, आणि दहावीत पुन्हा उभे राहिले की एक नमस्कार पूर्ण झाला. हात एकदा टेकले की नवव्या स्थितीपर्यंत ते जागचे हलवावयाचे नाहीत, हे यातले मर्म.

या दहा स्थितींकडे बारकाईने पाहिले असता त्यांतील योजना लक्षात येते. कणा एकदा पुढे वाकतो, एकदा मागे. छाती उघडते तेथे श्वास आत घ्यावयाचा आणि पोट दाबले जाते तेथे बाहेर सोडावयाचा. हात, खांदे, मांड्या, पोटऱ्या आणि पोटाचे स्नायू यांना आळीपाळीने काम मिळते. चौथ्या व पाचव्या स्थितीत हातांना देहाचा भार पेलावा लागतो. म्हणजे वजनाचे डंबेल बाहेरून आणण्याचे कारणच उरत नाही, स्वतःचा देह हेच वजन होते. वेग वाढविला तर श्वास व हृदय यांस श्रम होतो, वेग कमी केला तर ताण व लवचीकता साधते. मूल असो वा प्रौढ, त्याच्या देहाच्या मानानेच भार पडत असल्याने निरनिराळ्या वजनांची साधने बाळगण्याची गरज राहत नाही.

बाळासाहेबांनी संख्येचा क्रमही सांगितला. लहान मुलांनी पंचवीस-पन्नासपासून आरंभ करावा, वयाबरोबर संख्या वाढवीत न्यावी, आणि सुदृढ प्रौढाने तीनशेपर्यंत पोहोचावे असा त्यांचा दंडक होता. नमस्कारापूर्वी ओंकार, बीजाक्षरे आणि मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क व भास्कर ही सूर्याची बारा नावे उच्चारावीत, असा त्यांचा आग्रह असे. त्यामागे भक्ती होतीच, पण उच्चारामुळे श्वास लांबतो, मन एकाग्र होते आणि संख्येचाही हिशेब राहतो, असे व्यवहाराचे धोरणही होते. साधा, ताजा व मित आहार आणि व्यसनांपासून दूर राहणे यांची जोड त्यांनी व्यायामास दिली. जागा किती लागावी? मनुष्य पालथा निजला असता मावेल एवढी. धर्मशाळेची ओसरी, बोटीची खोली किंवा परगावच्या बिऱ्हाडातील अंथरूण गुंडाळून मोकळी केलेली भुई, कोठेही हा व्यायाम होतो.

स्वतः नमस्कार घालून ते स्वस्थ बसले नाहीत. संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सुरू केले, आणि विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनीही ते घालावेत अशी व्यवस्था केली. दौऱ्यावर जात तेथे व्याख्याने देत आणि स्वतः करून दाखवीत. उपदेश करणारे राजे पुष्कळ असतात, परंतु अंगरखा उतरवून मुलांपुढे भुईवर पालथा होणारा राजा विरळा. या कार्यास अनुकूल असे वातावरण औंधात जमूनही आले होते. मूळचे सावंतवाडीकडील आणि काही काळ हैदराबादेत चित्रकार म्हणून राहिलेले वेदमूर्ती पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास येऊन राहिले व तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले. वेदांच्या संहिता छापण्याबरोबरच आसने आणि सूर्यनमस्कार यांवरही त्यांनी लेखन केले. पंडितजींचे आयुष्य शंभर वर्षांचे झाले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर जमीन आणि भांडवल देऊन इ. स. १९१० मध्ये त्यांचा कारखाना उभारण्यास साहाय्य करणारेही बाळासाहेबच. त्या माळाचेच किर्लोस्करवाडी झाले.

स्त्रियांच्या व्यायामाविषयी त्यांचे विचार काळाच्या पुढे होते. घराबाहेर पडून तालमीत जाणे ज्या काळी स्त्रीस शक्यच नव्हते, त्या काळी नमस्कार हा माजघरातील मोकळ्या जागेत, दार लोटून घालता येण्याजोगा व्यायाम होता. बाळासाहेबांनी हे केवळ पुस्तकात लिहून ठेवले नाही. त्यांच्या स्वतःच्या कुटुंबात राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालीत असत. अनेक मुलांची माता असूनही राणीसाहेबांची प्रकृती सुदृढ आणि चालणे-बोलणे चपळ होते, याचे पुढे परदेशी पाहुण्यांसही नवल वाटले. गृहिणीचे घरकाम हाच तिचा व्यायाम, असे म्हणून विषय संपविण्याची रीत तेव्हा होती, आणि ती अद्याप पुरती गेलेली नाही. घरकामात श्रम होतात हे खरे, पण देह एकाच बाजूने झिजतो. व्यायामाने तो सर्व बाजूंनी घडतो. हा भेद औंधच्या राजवाड्याने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता.

इ. स. १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडास गेले. त्यांचे वय तेव्हा सदुसष्टीच्या पुढे होते. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या लेखिका लुईस मॉर्गन यांनी त्यांची भेट घेतली, तेव्हा या वयातील त्यांची ताठ अंगकाठी पाहून त्या थक्क झाल्या. त्यांनी या व्यायामावर लेखमाला लिहिली. वाचकांनी तिचे असे स्वागत केले की, पुढे इ. स. १९३८ मध्ये मॉर्गनबाईंच्याच संपादनाखाली लंडनहून नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. दहा स्थितींवरून त्याचे नाव दशांगी आरोग्यमार्ग अशा अर्थाचे ठेवण्यात आले होते. चाळीस वर्षांपूर्वी युरोपातून व्यायामाची यंत्रे मागविणारा तरुण वार्धक्यात त्याच युरोपास यंत्रावाचूनचा व्यायाम देऊन आला. देवघेवीचा हा हिशेब मोठा मनोज्ञ आहे.

पण त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. इ. स. १९३८ मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन या कामी पुढे होते. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली व जानेवारी १९३९ मध्ये औंधात ग्रामपंचायतींच्या पायावर उभे असलेले लोकराज्य सुरू झाले. राजाचा खासगी खर्चही घटनेने मर्यादित केला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा प्रयोग याच काळातला. त्यावरून स्फूर्ती घेऊन पुढे इ. स. १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. ज्या काळी बहुतेक संस्थानिक आपले हक्क घट्ट धरून बसले होते, त्या काळी एका वृद्ध राजाने ते आपण होऊन सोडले. बाह्य साधनांवाचून देह सांभाळण्याची सवय ज्यास लागली होती, त्यास बाह्य सत्तेवाचून जगणे जड गेले नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दिनांक ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच सुमारास महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींचा वणवा या भागातही पोहोचला होता. पंडित सातवळेकरांनी औंध सोडले आणि आपले स्वाध्याय मंडळ गुजरातेतील पारडी येथे नेले. ज्या गावाला बाळासाहेबांनी विद्येचे व उद्योगाचे माहेर केले, ते गाव पाहता पाहता ओके झाले. राज्य गेले, सोबती पांगले, वय ऐंशीच्या घरात. यमाईच्या टेकडीवर इ. स. १९३८ मध्ये स्थापन केलेले चित्रसंग्रहालय मात्र राहिले. त्यात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराने घडविलेली माता व बालकाची मूर्तीही आहे. आणि राहिला तो नमस्कारांचा संस्कार. दिनांक १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

पित्याचा वारसा अप्पासाहेबांनी वेगळ्या रीतीने चालविला. स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून त्यांना पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, ईजिप्त, ब्रिटन, इटली अशा अनेक ठिकाणी राहावे लागले. हवामान बदले, अन्न बदले, घर बदले. अशा फिरत्या संसारात कोणती व्यायामशाळा बरोबर नेता येणार? परंतु बालपणी औंधच्या वाड्यात अंगवळणी पडलेला नमस्कार सामानाच्या पेटीत भरावा लागत नाही. इ. स. १९७० मध्ये अप्पासाहेबांनीही या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. इ. स. १९९२ मध्ये ते निवर्तले. बापाने घरात राहून जे सिद्ध केले, ते मुलाने प्रवासात राहून पडताळून पाहिले असे म्हणता येईल.

बाळासाहेबांच्या कार्याचे मूल्यमापन करताना डोळस राहणे हेच त्यांच्या स्मृतीस शोभणारे होईल. आपल्या आवडत्या व्यायामाविषयी त्यांचा उत्साह इतका उदंड होता की, नमस्काराने अनेक रोग हटतात असे त्यांनी प्रतिपादन केले. आजचे वैद्यकशास्त्र एवढे सरसकट विधान मान्य करणार नाही. नियमित व्यायामाने हृदयविकार, मधुमेह व उच्च रक्तदाब यांचा धोका कमी होतो, हे आता सिद्ध आहे. परंतु व्यायाम हा औषधाचा पर्याय नव्हे. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नमस्कारात या दोहोंचाही काही अंश साधतो. तीनशेची संख्या मात्र प्रत्येकासाठी नाही. पाठीचे, मणक्याचे वा मनगटाचे दुखणे, अंतर्गळ, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांचे काही विकार अथवा गरोदरपण असेल तर वैद्याच्या सल्ल्यावाचून नमस्कारांस हात घालू नये. ज्यास वाकणे जमत नाही, त्याने गुडघे किंचित वाकवावेत. जमेल तेवढेच करावे. बारा नमस्कार नेमाने घालणारा, तीनशे घालून आठव्या दिवशी थांबणाऱ्याहून अधिक मिळवितो.

नमस्कार हा धर्माचार की व्यायाम, असाही प्रश्न वेळोवेळी उपस्थित होतो. बाळासाहेबांना हे द्वैत मान्य नव्हते. त्यांना मंत्र हवा होता आणि स्नायूही. परंतु त्यांनी घालून दिलेल्या दहा स्थिती मंत्रावाचूनही देहाचे हित करतात, हे परदेशात त्यांच्या पद्धतीचे जे स्वागत झाले त्यावरून दिसून आले. श्रद्धाळूने नाम घेऊन नमस्कार घालावा, इतराने श्वास मोजून. सूर्य दोघांवर सारखाच प्रकाशतो.

देवस्थानाशी निगडित असलेली अनेक कुटुंबे आज उद्योगाच्या व शिक्षणाच्या निमित्ताने दूर दूर पसरली आहेत. कोणी बोटीवर आहे, कोणी आखाती देशांत, कोणी मुंबईच्या दोन खोल्यांत. उत्सवास गावी यावे, देवापुढे साष्टांग घालावा आणि परत जावे, एवढाच अनेकांचा मूळ ठिकाणाशी संबंध उरला आहे. देवळातला तो एक नमस्कार परतीच्या प्रवासात बरोबर नेता येतो आणि प्रतिदिनी बारा वेळा घालता येतो, ही गोष्ट औंधच्या या राजर्षीने शिकविली. त्यांची गादी इतिहासजमा झाली, त्यांच्या राज्याच्या सीमा नकाशावरून पुसल्या गेल्या. परंतु पहाटे उठून भुईवर हात टेकणारा मनुष्य जेथे जेथे असेल, तेथे तेथे बाळासाहेबांची स्मृती जिवंत आहे. देह हे देवाचे देणे आहे आणि ते सांभाळण्यास राजवैभव लागत नाही, एवढा बोध त्यांच्या चरित्रापासून घेतला तरी या स्मरणाचे सार्थक होईल.